एकेचाळिसावा संदर्भ

एकेचाळीस. वाक्याच्या शेवटी, मुंगीएवढा, डोक्यावर चढून बसलेला आकडा — सकाळपासून तिची नजर फिरून फिरून तिथेच येत होती. ‘बत्तीस अंशांच्या वर या गोगलगाईची अंडी जगत नाहीत.’ प्रबंध पाच वाजता द्यायचा होता, आणि काल दुपारी तिने, उगाच आपली खात्री म्हणून, एकेचाळिसावा लेख उघडला होता. त्यात प्रयोग नव्हता. दुसऱ्या लेखाचा दाखला होता. दुसऱ्यात तिसऱ्याचा... पाचव्यात तिच्या मार्गदर्शक सरांचा, बावीस वर्षांपूर्वीचा, आणि तिथे कंसात दोनच शब्द — अप्रकाशित निरीक्षण.

“अगं, तेव्हाचा आमचा तापमापक जरा लहरीच होता,” सर सकाळी हसत म्हणाले होते. “पण पुढे पाच जणांनी तेच लिहिलं ना? म्हणजे बरोबरच असणार.”

“पण सर, ते पाचही जण तुमच्याच भरवशावर...”

“नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. त्यात संदर्भसूचीही धर. सही केलीय मी, नेऊन दे.”

आणि मी तरी कुठे पाहिलं? जगत नाहीत म्हणून तीन वर्षं उबवणपेटी तीस अंशांच्या वर नेलीच नाही...

‘हिला गाता येत नाही,’ असं घरात लहानपणापासून म्हणत. हेही असंच. कोण म्हणालं होतं पहिल्यांदा? काकू म्हणे आत्या, आत्या म्हणे तुझी आईच, आणि आई भाजी निवडता निवडता — “सगळेच म्हणतात की गं.” शाळेत प्रार्थनेला ती नुसते ओठ हलवायची.

सव्वाचार. तिने आकडा खोडला. वाक्य उघडं पडलं, जणू तिनेच डोळ्यांनी पाहिलेलं. घाईने आकडा परत आणला — तर त्या पाचांच्या मागे ती सहावी. वाक्यच काढावं, तर तिसरं प्रकरण कशावर उभं करायचं? पुन्हा खोडला. पुन्हा आणला.

कोपऱ्यात उबवणपेटी एका सुरात घुमत होती, काचेवर लाल तीस. त्या सुराला धरून कुणीतरी गुणगुणत होतं... आपणच. केव्हापासून? ती दचकून थांबली. बेसूर होतं का ते? खोलीत विचारायला कुणी नव्हतं. तिने श्वास घेतला आणि, ओठ न हलवता, तोच सूर पुन्हा लावून पाहिला — या वेळी कान देऊन.