तबकाच्या काठावरचे दुसरे नाव

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५. सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. अबू धाबीतील एका अमेरिकन विद्यापीठाच्या सभागृहात, दारालगतच्या टेबलावर छत्तीस पितळी तबके ओळीने मांडलेली होती. त्यांच्या शेजारी, हिरव्या फडक्यावर, मी होते.

मित्रांनो, मी भांड्यांवर नावे घालणारी एक जुनी मशीन आहे. माझा आकार मुठीत मावेल एवढा. पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्याच्यासमोर पोलादाची लवचिक पट्टी आणि पट्टीच्या टोकाला कार्बाइडची सुई. वेटोळ्यातून वीज वाहू लागली की पट्टी सेकंदाला शंभर वेळा खेचली जाते आणि सुटते. सुई धातूवर ठिपका ठिपका ठोकत जाते. ठिपके इतके जवळ पडतात की पाहणाऱ्याला सलग रेघच दिसते. माझ्या पाठीवर एक स्क्रू आहे. तो आवळला की ठोका हलका, सैल केला की खोल. यापलीकडे माझ्यात काही नाही.

पुण्याच्या एका लहानशा कारखान्यात १९८७ साली माझी जोडणी झाली. तिथून मी चिपळूणला एका भांड्यांच्या दुकानात गेले. दुकान रफिकच्या वडिलांचे होते. रफिक तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयात होता. वडिलांनी त्याला अक्षर शिकवण्याआधी एक नियम शिकवला. भांड्यावर नाव घालायचे ते देणाऱ्याचे. घेणाऱ्याचे घातले तर उत्तम, नाही घातले तरी चालेल. पण भांडे कोणाकडून आले हे काठावर असलेच पाहिजे. लग्नातला तांब्या असो, बारशाची वाटी असो किंवा मशिदीला दिलेले इफ्तारचे पातेले असो, शेवटचा शब्द ठरलेला : 'यांजकडून'. हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला की रफिकचा हात तो न बघता लिहू लागला.

पुढे रफिक दुबईला आला आणि त्याच्या बॅगेत, लुंगीत गुंडाळलेली, मीही आले. तिथल्या करामा भागात त्याने भांड्यांचे आणि भेटवस्तूंचे दुकान टाकले. येथील विजेची वारंवारताही आपल्याकडच्याप्रमाणे पन्नासच आहे, त्यामुळे माझा सूर बदलला नाही. माझी गुणगुण ऐकून रस्त्यावरून जाणारी मराठी माणसे आत डोकावत. "अरे, ही आमच्या गावातली मशीन!" असे म्हणत. एका खोलीत राहणारे दहा-दहा जण आपापले डबे घेऊन येत. डबे एकसारखे असल्यामुळे भाजीची अदलाबदल होई आणि मग भांडणे होत. रत्नागिरीच्या घरांतील शादीची पातेली, पुण्याच्या घरांतील डोहाळजेवणाची ताटे, सगळी माझ्याखालून गेली. ती माझ्या भराची वर्षे होती.

नंतर मॉल आले, नॉनस्टिक आले, काळ्या लेपाची कढई आली. त्या लेपावर माझी सुई चालत नाही. रफिकचा मुलगा रिझवान याने स्टिकर छापण्याचा प्रिंटर घेतला. मला खालच्या खणात, बबल रॅपच्या प्लास्टिकमध्ये ठेवण्यात आले. माझ्या वेटोळ्यावर धूळ बसली. रफिक कधीतरी खण उघडे, माझ्यावरून अंगठा फिरवी आणि खण बंद करी. त्याचे मला दुःख नव्हते असे मी म्हणणार नाही.

गेल्या डिसेंबरात शोभनाताई दुकानात आल्या. त्या मूळच्या पुण्याच्या. राहायला अबू धाबीच्या अल रीम आयलंडवर आणि नोकरीला त्या अमेरिकन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी विभागात. दरवर्षी विद्यापीठ आपल्या नामवंत माजी विद्यार्थ्यांचा आणि प्राध्यापकांचा सत्कार करते. त्याची सगळी जबाबदारी त्यांच्यावर.

"रफिकभाई, गेल्या वर्षी आम्ही काचेची सन्मानचिन्हं दिली," त्या म्हणाल्या. "तीस दिली. कार्यक्रम संपल्यावर तेरा खुर्च्यांवर पडलेली. मोठमोठी माणसं, पण बॅगेत ठेवायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत."

"काच जड होते मॅडम. विमानात कोण नेणार?"

"जड नव्हती हो. कोणालाच ती आपली वाटली नाही. आमच्या उपकुलगुरू बाई म्हणाल्या, यंदाही असंच झालं तर पुढच्या वर्षीपासून समारंभ बंद. प्रमाणपत्र ई-मेलनं पाठवायचं. एवढी शिकलेली माणसं आणि त्यांना ई-मेल?" त्यांनी शेल्फावरचे एक ताट उचलून त्याचा काठ पाहिला. "माझ्या आईकडे एक पितळी तबक आहे. काठावर माझ्या आत्याचं नाव. चाळीस वर्षं झाली, आईनं ते मोडीत दिलं नाही. तुमच्याकडे अजून ती मशीन आहे?"

रफिकने खण उघडला.

मित्रांनो, त्या दिवशी माझी सुई बदलली गेली, धूळ फुंकरीने उडवली गेली, आणि मी पुन्हा गुणगुणले. रिझवान म्हणाला, "अब्बा, लेझरनं दोन तासांत होईल. धिस इज सो स्लो." रफिक म्हणाला, "होऊ दे स्लो. तू चहा सांग."

तबके मुरादाबादहून जहाजाने आली. नावांचा कागद शोभनाताईंनी पाठवला. पंचवीस माजी विद्यार्थी आणि अकरा प्राध्यापक. समुद्राचे खारे पाणी पिण्याजोगे करणारा अभियंता, उपग्रहांच्या वाटा आखणारी गणिती, दोन देशांत उष्मागतिकी शिकवून केस पांढरे केलेले प्राध्यापक, वाळवंटातील विहिरींचा इतिहास लिहिणाऱ्या विदुषी. ज्या सुईने कधी दहा जणांच्या खोलीतील डबे वेगळे केले, त्याच सुईखाली आता ही नावे येत होती. मला अभिमान वाटला. तो लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

पण त्या कागदावर दोन रकाने होते. पहिल्यात सत्कारमूर्तीचे नाव, दुसऱ्यात आणखी एक. रफिकने कोणाला काही विचारले नाही. वडिलांनी शिकवलेला नियम त्याच्या हातात होता. त्याने प्रत्येक तबकाच्या काठावर पहिले नाव घातले, त्याखाली इंग्रजीत 'फ्रॉम' घातले आणि त्यापुढे दुसरे नाव.

गुरुवारी सायंकाळी शोभनाताई तबके न्यायला आल्या. पहिले तबक त्यांनी दिव्याखाली धरले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"रफिकभाई, हे काय केलंत?"

"काय झालं? नाव चुकलं?"

"नाव बरोबर आहे. हे खालचं! हे कुणी घालायला सांगितलं?"

"तुम्हीच दिलंत की. एकीकडे घेणारा, एकीकडे देणारा."

"अहो, देणारं विद्यापीठ आहे! ही शिफारस करणाऱ्यांची नावं आहेत. ती गोपनीय असतात. ऑफिसचा रकाना होता तो, चुकून कागदावर राहिला."

रफिक हळूच म्हणाला, "मला वाटलं, भांडं कुणाकडून आलं ते पाहिजेच."

"अब्बा, कस्टमरला विचारायचं असतं," रिझवान म्हणाला. "आय टोल्ड यू."

"विचारायचं काय त्यात? तुझ्या आईच्या माहेरचं पातेलं बघ, त्यावर काय आहे!" रफिक त्याच्यावर खेकसला, पण त्याचा आवाज खाली बसला होता. चूक त्याची होती आणि ते त्याला कळले होते.

त्याने दुकानातील एका जुन्या ताटलीवर मला चालवून चार अक्षरे घातली आणि झिलई देणाऱ्या बफच्या चाकाने ती पुसून पाहिली. अक्षरे गेली; पण तिथे खळगा पडला आणि पितळेचा रंग फिकट झाला. मी ठोकलेले ठिपके वरवरचे नसतात. नवी तबके यायला महिना लागला असता. समारंभ परवावर होता.

शोभनाताई स्टुलावर बसल्या. "समारंभ वाचवायला आले होते मी," त्या म्हणाल्या. "आता माझ्या हातानंच बंद पाडणार."

तेवढ्यात रफिकची बायको हलिमा वरच्या घरातून चहा घेऊन आली. तिने कप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "पी गो आधी. मग त्या माणसांना फोन लाव. ज्यांची नावं, त्यांनाच विचार."

शुक्रवारी शोभनाताईंनी उपकुलगुरू बाईंना सगळे सांगितले.  बाईंनी दोन अटी घातल्या, असे मला नंतर ऐकायला मिळाले. शिफारस करणाऱ्या प्रत्येकाची संमती हवी. आणि समारंभात ज्याला हे दुसरे नाव नको असेल, त्याचे तिथल्या तिथे पुसून द्यायचे, खळगा पडला तरी. म्हणून शनिवारी रफिक बफचे चाक घेऊन सभागृहात आला आणि सवयीने मलाही बरोबर घेऊन आला.

"पस्तीस जण हो म्हणाले," शोभनाताईंनी टेबलाशी येऊन सांगितले. त्यांचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "छत्तिसावे डॉ. हॅल्वर्सन. ते ऑक्टोबरात गेले. त्यांच्या पत्नीला अमेरिकेत फोन केला. त्या म्हणाल्या, राहू द्या. त्यांना पितळ आवडायचं, प्लास्टिकचा राग यायचा."

"ते कोणाच्या तबकावर आहेत?" रफिकने विचारले.

"रुकय्या म्हणून आहे. आपल्या रायगडकडची. रुवैसच्या रिफायनरीत मोठ्या हुद्द्यावर आहे. कार्यक्रमाला थांबणार नाही म्हणाली, तबक घेऊन लगेच निघेन म्हणाली. उद्या सकाळी ड्युटी आहे तिची."

समारंभ सुरू झाला. पहिले नाव खाऱ्या पाण्याच्या अभियंत्याचे होते. त्याने तबक घेतले, हात हलवला, दोन पावले चालला आणि काठ वाचून थांबला. मग त्याने सभागृहात नजर फिरवली. व्यासपीठावरून उतरून तो आपल्या जागी गेला नाही; चौथ्या रांगेत जाऊन एका म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या शेजारी बसला.  प्राध्यापकांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

मग प्राध्यापकांची पाळी आली. आता मला कळले की उलटा व्यवहारही आहे : शिक्षकांची नावे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी सुचवली होती. उष्मागतिकीच्या पांढऱ्या केसांच्या सरांनी चष्मा कपाळावर सरकवून काठ वाचला आणि माइक चालू आहे हे विसरून मोठ्याने म्हणाले, "हा? हा तर वर्गात झोपायचा!" सभागृह हसले. मागच्या रांगेतून एक टक्कल पडलेला मनुष्य उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी डोळे मिटून ऐकायचो!"

मी टेबलावर शांत होते. रफिक मात्र शांत नव्हता. दर वेळी कोणी दाराकडे वळले की त्याचा हात बफच्या चाकाकडे जाई.

शेवटी एक बाई तबक हातात घेऊन सरळ आमच्या टेबलाकडे आल्या. निळे जॅकेट, डोक्यावर करडा स्कार्फ, चालण्यात घाई.

"चाचा, हे तुम्ही घातलंत?"

"हो बेटा. माझी चूक झाली. नको असेल तर काढून देतो, पण जरा खळगा—"

"काढू नका!" त्यांनी तबक छातीशी धरले. मग आवाज खाली आणून त्या शोभनाताईंकडे वळल्या. "हे सर खरंच? हॅल्वर्सन सरांनी माझं नाव पाठवलं?"

"त्यांनीच. गेल्या सप्टेंबरमध्ये," शोभनाताई म्हणाल्या.

"त्यांनी मला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये फेल केलं होतं. दोनदा. तिसऱ्यांदा पास झाले तेव्हा म्हणाले, नाऊ यू नो इट. बस, एवढंच." रुकय्याने अंगठा काठावरून फिरवला. "त्यानंतर मी एक मेलसुद्धा केला नाही त्यांना. राग होता. आणि आज रिफायनरीत प्रत्येक पाइपचं गणित करताना मी त्यांच्याच पद्धतीनं करते."

 मग तिने डोळे पुसले आणि कामाच्या आवाजात विचारले, "पुढच्या वर्षीची नावं कधी मागवता?"

 उपकुलगुरू बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी मराठी समजत नसतानाही प्रश्न ओळखला असावा. त्या म्हणाल्या, "सप्टेंबर."

"माझ्या हाताखाली एक मुलगी आहे. याच विद्यापीठाची. मी तिला फार ओरडते," रुकय्या म्हणाली. "तिचं नाव देईन. पण एका अटीवर. खाली माझं नाव घालणार असाल तरच. आणि याच मशीननं."

"इन्शाल्ला," रफिक म्हणाला. त्याने बफच्या चाकाची वायर गुंडाळून पिशवीत टाकली. मला मात्र फडक्यात गुंडाळण्याआधी त्याने उलटे केले आणि माझ्या सुईवर जमलेला पितळेचा कीस बोटाने अलगद पुसला.

रुकय्या निघाली नाही. जेवणाला थांबली. पाहुणे गेल्यावर शोभनाताईंनी रफिकला आणि रिझवानला बरोबर घेऊन सभागृहातील एकेक रांग तपासली. रिझवान खुर्च्यांखाली वाकूनसुद्धा पाहत होता.

मित्रांनो, आज मी पुन्हा करामाच्या दुकानात आहे. खणात नव्हे, काउंटरवर. दर सहा महिन्यांनी माझी सुई तपासली जाते, वेटोळे कोरडे ठेवले जाते. मशीनला एवढीच काळजी पुरते. तुम्हांला मात्र एक विनंती करते. घरातील एखादे जुने भांडे मोडीत देण्यापूर्वी त्याच्या काठावर बोट फिरवून पाहा. तुम्हांला आज जे काही करता येते, त्याच्याही काठावर कोणाचे तरी नाव असेल. ते वाचा, आणि तो मनुष्य हयात असेल तर त्याला आजच फोन करा. रुकय्याला उशीर झाला होता. तुम्हांला होऊ नये.

त्या रात्री खुर्च्यांवर मागे राहिलेल्या तबकांची संख्या : शून्य.