मोनिकाताईचं ताट

तुमसरला राइस मिलांच्या रस्त्यावर मोनिकाची खानावळ होती. मिलमधले हमाल, धान्याचे दलाल, ट्रकवाले, सगळे दुपारी तिथंच जेवायचे. तिच्या हातचा पाटोडीचा रस्सा खाऊन माणसाचं नाक वाहायला लागायचं आणि तरी तो दुसरी वाटी मागायचा. मोनिका अंगानं एवढी भरलेली, की भट्टीमागच्या बोळकांडीतून तिला अंग तिरपं करून निघावं लागे. "ताई, आमच्यासाठी काही उरवलं का तुमी?" असं कुणी ना कुणी रोज विचारी. बाकीचे हसत, तीही हसून वाढत राही. खरं तर लोकांसमोर ती कधी जेवतच नसे. गिऱ्हाइकं गेली, भांडी घासून झाली, की मागच्या खोलीत कडी लावून घाईघाईनं, चोरी केल्यासारखी जेवायची.

रात्री झोपेत तिचा श्वास अडकायचा. दचकून उठायची, पुन्हा पडायची. मग दिवसा डोळे मिटायचे. एकदा पुऱ्या तळताना उभ्याउभ्याच तिला डुलकी लागली. झारा कढईत पडला, तेल उडालं आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. पोळ्या लाटणारी नीतू धावली म्हणून कढई अंगावर आली नाही. पट्टी बांधणाऱ्या डॉक्टरनं झोपेची, शुगरची चौकशी केली आणि तिला नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, की पोट लहान करायचं ऑपरेशन करून घ्या.

"जिवंत माणसाचं चांगलं पोट कापते का कोणी?" सासू निर्मलाबाई म्हणाली. "दोन घास कमी खाय, झालं."

दोन घास कमी खाऊन झालं होतं. रात्रीचा भात सोडून झाला होता, पहाटेचं फिरणं झालं होतं, कुणाकुणाचे काढे पिऊन झाले होते. वजन उतरायचं आणि व्याजासकट परत यायचं. नवरा संजीव याचं बाजारात कापडाचं दुकान होतं. बायकोचा भाजलेला हात बघून तो कबूल झाला, पण एक अट घालून.

"कोणाले सांगायचं नाही. पित्ताशयात खडे होते म्हणून सांगू. नाही तं लोक हसतील."

मोनिका इतकी थकली होती, की तिनं मान हलवली.

ऑपरेशननंतर सुरुवातीला नुसतं डाळीचं पाणी, मग पेज, मग कुसकरलेला भात, तोही चमच्यानं. खानावळ नीतूनं सांभाळली. मोनिका घरी पडून शेजारच्या फोडणीचा वास घेई आणि तिच्या डोळ्यांना पाणी येई. भूक लागत नव्हती, पण जेवणाची आठवण यायची, माहेरची यावी तशी. एकदा राहवलं नाही म्हणून तिनं अख्खी पुरी खाल्ली आणि न्हाणीत वाकून सगळी ओकली. कंगव्यात केसांचा गुंता यायला लागला. दंडाची कातडी लोंबायला लागली. पण ती रात्रभर सलग झोपू लागली. शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या. खानावळीत परत आली तेव्हा बोळकांडीतून सरळ चालत गेली, आणि कुणाला दिसणार नाही असं बघून उगाच आणखी एकदा गेली.

महिन्यामागून महिने गेले, अंग उतरत राहिलं, तशी गिऱ्हाइकंही उतरायला लागली. आधी तिला वाटलं, मिलचा हंगाम संपला असेल. शेवटी नीतूच एक दिवस कणीक मळताना खाली बघत बोलली.

"ताई, लोक म्हणून राहिले का तुमाले मोठी बिमारी झाली. कोणी टीबी म्हणते, कोणी तं काही बी बोलते. तुमच्या हातचं खाऊ नका म्हणते."

त्याच आठवड्यात गोपाळराव आले. धान्याचे जुने दलाल, कित्येक वर्षांचं रोजचं गिऱ्हाईक. नातवाच्या बारशाचा स्वयंपाक त्यांनी मोनिकालाच सांगितला होता. आज मात्र ते दारातच उभे राहिले. नीतूनं पुढं केलेला पाण्याचा गिलास त्यांनी घेतला नाही.

"मोनिकाताई, तुमी आता आराम करा. जेवणाचं मी दुसऱ्याले सांगतलं. पण बारशाले या बरं सगळे."

कधी नव्हे एवढी मोनिका तब्येतीनं बरी होती, आणि लोकांनी तिला मरणाच्या दारात नेऊन बसवलं होतं.

बारशाला जाऊ नको असं संजीव म्हणाला. मोनिका त्याच्या आधी तयार होऊन उभी राहिली.

अंगणात मांडव होता. एका बाजूला पुरुषांची पंगत, समोर बायकांची. वाढणाऱ्यानं पत्रावळीवर पुऱ्या टाकल्या, तिनं एक ठेवून बाकीच्या परत दिल्या. जिलबीला हात आडवा केला. वरणभाताचा लहानसा घास चावत ती बसली होती, तेवढ्यात शेजारी बसलेल्या गोपाळरावांच्या बहिणीनं आपली पत्रावळ हळूच पलीकडे सरकवली आणि पुढच्या बाईला म्हणाली, "आधी दोन माणसाचं जेवाची, आता पाहा. काहीतरी मोठंच हाये, घरचे लपवून राहिले."

मोनिकानं हातातला घास खाली ठेवला आणि ती उभी राहिली.

"लपवून राहिलो होतो, खरं हाये," ती मोठ्यानं म्हणाली. पंगतीतल्या माना वळल्या. "पित्ताशयात खडे-बिडे काही नव्हते. नागपूरले जाऊन मी पोट लहान करून आली. वजन उतरवायचं ऑपरेशन. टीबी नाही, दुसऱ्याले लागंल असं काहीच नाही."

"मोनिका, खाली बस वं," दुसऱ्या बाजूला बसलेल्या निर्मलाबाईनं तिचा पदर ओढला.

"बसते आई. बोलून झालं का बसते."

पुरुषांच्या पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे तोंडाले कुलूप लावता नाही आलं, म्हणून पोट शिवलं!" हशा पिकला. मोनिकाचे कान तापले, पण ती हटली नाही.

"नाही आलं लावता," ती त्या दिशेनं वळून म्हणाली. "सारा जन्म लावून पाहिलं. नाही झालं, म्हणून डॉक्टरकडे गेली. तुमचा दात दुखला तं तुमी काय दाताले शिव्या देत घरी बसता काय, भाऊ? मी जास्त जेवत होती तवा माझे घास मोजत होते, आता कमी जेवते तं तेही मोजून राहिले. मोजा! पण मी आता लपून जेवणार नाही."

मोनिका बसली आणि तिनं पुन्हा बारीक घास घेतला. तिला हळूच जेवावं लागे, एकेक घास पार मऊ होईपर्यंत चावावा लागे. पंगत उठली, तिची सासूही हात धुवायला गेली. मांडवात ती एकटी बसून चावत राहिली. वाढपी झाडू घेऊन उभा राहिला, मग झाडू टेकवून बाजूला झाला. दुसरी पंगत येऊन बसायला लागली तरी ती उठली नाही. गोपाळराव तांब्या घेऊन जवळ आले आणि पाणी ओतायला वाकले.

"जेवताना पाणी चालत नाही मले," मोनिका म्हणाली. "जेवण झालं का घेईन."

घरी आल्यावर संजीव भडकला. "उद्या दुकानात लोकांले काय सांगू?"

"मी सांगितलं तेच. दुसरं काही खरं नाही त्यात."

पुढं बरेच दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. निर्मलाबाईही गाल फुगवून होती. पण एका सकाळी भाजी निवडता निवडता ती एकदम म्हणाली, "त्या कुलूपवाल्याले आणखी दोन शब्द सुनवाचे होते."

सगळी गिऱ्हाइकं परत आली असं नाही. काही जण समोरच्या नव्या भोजनालयात गेले ते गेलेच, आणि खानावळीची पूर्वीची गर्दी पुन्हा झाली नाही. हमाल मात्र आले, कारण त्यांना रस्सा हवा होता. कधीकधी टळटळीत दुपारी एखादी बाई डोक्यावर पदर ओढून येई आणि हळू आवाजात ऑपरेशनचं विचारी. मोनिका तिला केस गळल्याचं सांगे, ओकाऱ्यांचं सांगे, ताकदीच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात तेही सांगे. "मी केलं म्हणून तू नको करू. तुझ्या डॉक्टरले विचार. पण कोणाची लाज वाटून बसून राहू नको."

आणि दुपारी ऐन गर्दीत ती स्वतःचं लहान ताट घेऊन पुढच्या टेबलावर, गिऱ्हाइकांच्या बरोबरीनं जेवायला बसे. एकदा एक नवा ट्रकवाला हातातला घास तसाच धरून तिच्या ताटाकडे टक लावून बघत राहिला. मोनिकानं तोंडातला घास निवांत चावून गिळला.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमचा रस्सा थंडा होऊन राहिला."