सातव्यांदा मुखडा

मला चर्चच्या गायकवृंदातून काढून टाकलं. आता हे झालंच नाही असं धरून पुढे वाचा. मीही गेले दोन आठवडे तसंच जगतोय.

तर, हे साल १९८५. दिवसा मी डेट्रॉइटमध्ये गाड्यांचे ब्रेक का किंचाळतात यावर पीएच.डी. करतो. ब्रेक किंचाळतात, गाईडही किंचाळतो. दोघांचंही कारण सापडत नाही. गुरुवारी संध्याकाळी मात्र नोव्हाय या उपनगरातल्या एका चर्चमध्ये मी सगळ्यांत खालच्या पट्टीत, म्हणजे बासमध्ये, गायचो. आठवड्यात तेवढाच एक तास मला दमल्यासारखं वाटायचं नाही. एकदा संचालिका मिसेस हॉलंडर म्हणाल्या, "प्रसन्न, नोव्हेंबरच्या कार्यक्रमातलं सोलो तू गा. चांगलं झालं तर नाताळचंही तुझंच."

गाणं जर्मन, अडीचशे वर्षांपूर्वीचं. थकलेला नावाडी देवाला विनवतो, किनाऱ्याला लागू दे. अभिनयाची गरजच नव्हती. रचना सोपी: पहिला भाग, दुसरा भाग, मग पुन्हा पहिला, आणि तिथे गायकाने आपली नक्षी भरायची. मी म्हटलं, अरे, हा तर आपला मुखडा! मिरजेच्या आमच्या गुरुजींनी एकच गोष्ट ठासून शिकवली होती: समोरून 'वा' आल्याशिवाय मुखडा सोडायचा नाही.

कार्यक्रमाला इथल्या ओळखीच्या संध्याकाकू आणि पुरुषोत्तमकाका सतरा मराठी माणसं घेऊन आले. काकूंनी दारातच सगळ्यांना दम भरला होता, "हे चर्च आहे. वा-बिवा केलंत तर याद राखा. खोकायचं असेल तर गाडीत खोकून या." हे मला नंतर कळलं.

मी पहिला भाग परत घेतला. संपवला. समोरून 'वा' नाही. नक्षी कमी पडली असेल, म्हणून पुन्हा घेतला. हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या पणजोबावर, एडविन नावाचे रिटायर्ड डेंटिस्ट होते. त्यांनी चमकून पाहिलं, पण सभ्य माणूस, साथ सोडली नाही. तिसऱ्यांदा काकांचा हात वर गेला. काकूंनी तो खाली दाबला. पाचव्यांदा एडविन कुजबुजले, "वेअर आर वी?"

"किनाऱ्याजवळ," मी इंग्रजीत सांगितलं.

सहाव्यांदा मिसेस हॉलंडर स्वतःच्या गळ्यावरून आडवा हात फिरवू लागल्या. मला वाटलं, गळा छान लागलाय म्हणताहेत. सातव्यांदा एडविननी वाद्याचं झाकण लावलं.

पार्किंगमध्ये काका कळवळून म्हणाले, "अरे, तिसऱ्यालाच देणार होतो रे दाद! हिने हात धरला."

"म्हणजे आता माझंच चुकलं?" काकू म्हणाल्या. "आणि तू रे? पाणी प्यायला तरी थांबायचंस!"

मिसेस हॉलंडर माझ्याशी फार प्रेमाने बोलल्या. "यू लुक टायर्ड, प्रसन्न. गुरुवारी येऊ नकोस. त्यानंतरच्याही नको. झोप." नाताळचं सोलो कॅसेटवर लावणार आहेत.

म्हणून काल चर्चच्या नावे पुढील अर्ज टपालात टाकला:

'अर्जदाराचा आवाज गायकवृंदास नको असल्यास अर्जदाराची हरकत नाही. तथापि दर गुरुवारी सायंकाळी सात ते आठ या वेळेत न दमण्याची अन्य सोय अर्जदाराकडे नाही. सबब "मौन बास" असे नवीन पद निर्माण करून त्यावर अर्जदाराची कायमस्वरूपी नेमणूक करण्यात यावी, ही नम्र विनंती. अर्जदार तोंड उघडणार नाही. स्वरलिपीची पाने मात्र वेळेवर उलटेल.'