सत्तेचाळिसाव्या पानावरची काकडी

लीलाधर सरांना पहिला संशय आला तो कचोरीमुळे. एरवी कार्यशाळेला अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटांवर बोळवण करणाऱ्या कॉलेजने त्या दिवशी चक्क कचोरी ठेवली होती. एवढं खाऊ घालतायत म्हणजे नक्कीच काहीतरी काढून घ्यायचंय, असं सरांनी पहिल्याच घासाला ताडलं. कचोरी मात्र त्यांनी संपवली.

सर जळगावातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. एकतीस वर्षांची नोकरी झालेली, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि त्यांच्या मागे ती जागा भरायची म्हणून कुणी शब्द काढत नव्हतं. त्यांची सगळी मिरास म्हणजे टिपणांची एक जाडजूड वही. तिच्यात एकही ओळ चुकीची नाही, हे ते स्वतःच वर्गात दरवर्षी सांगत. मुलंही ते मानत. सरांनी लिहिलंय म्हटल्यावर पुढे कुणी वाद घालत नसे.

कार्यशाळा घ्यायला उभा होता प्रशील. सरांचाच जुना विद्यार्थी, आता संगणक विभागात प्राध्यापक. प्राध्यापकांना शिकवण्यात एआय वापरायला मदत करायची जबाबदारी प्राचार्यांनी त्याच्यावर टाकली होती.

"तुम्ही फक्त तुमची टिपणं द्यायची," तो समजावत होता. "मुलांनी मोबाइलवर प्रश्न विचारला की एआय त्यातूनच उत्तर देईल, खाली तुमचं नाव येईल. त्याआधी टिपणांत काही शंकास्पद वाटलं तर ते यादी काढून देईल. ती वाचून तुम्ही सही करायची. टिपणं कॉलेजातच राहतील."

सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आधी टिपणं घ्यायची, मग सही घ्यायची, आणि मग माणसाला घरी बसवायचं. टिपणं कॉलेजात राहणार म्हणे! उद्या कुठल्या तरी कंपनीला जातील आणि दुसऱ्याच्या नावावर छापून येतील. प्रशील गोड बोलतोय, पण त्याला वरून कोण सांगतंय, हे कुणाला माहीत?

द्यायला नकार देता येत नव्हता, प्राचार्यांनी तारीखच दिली होती. म्हणून सरांनी सापळा लावला. केळीच्या पानांवर पिवळे पट्टे पाडणाऱ्या हरण्या रोगाचं पान क्रमांक सत्तेचाळीस त्यांनी त्याच शाईने पुन्हा लिहून काढलं आणि मधोमध एक वाक्य घातलं: 'बागेत काकडीचे आंतरपीक घेतल्यास हा रोग दूर राहतो.' खरं तर नेमकं उलटं. हा रोग काकडीवरही असतो आणि मावा ही कीड तो तिथून केळीवर आणते. केळी पिकवणाऱ्या रावेरचं शाळकरी पोरगंसुद्धा हे वाचून हसेल. पण हे वाक्य दुसऱ्या कुठल्या पुस्तकात दिसलं, की चोर सापडलाच. सर स्वतःवर बेहद्द खूश झाले.

पुढच्या आठवड्यात प्रशील एक कागद घेऊन आला. "सर, यादी आहे. एकदा नजर टाकून सही करता?"

"मी कशावरही सही करणार नाही," सर म्हणाले. कागदाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

दोन महिने ते जळगावातल्या पुस्तकांच्या दुकानांत नवी पुस्तकं चाळत राहिले. काकडी कुठेच दिसली नाही.

मग एका गुरुवारी तास संपल्यावर सारिका थांबली. अमळनेरजवळच्या खेड्यातून रोज रेल्वेने येणारी, पहिल्या बाकावरची मुलगी. "सर, आबांनी यंदा पहिल्यांदाच केळी लावलीय. मी मोबाइलवर विचारलं, तर तुमच्या नावाने उत्तर आलं. आबांनी लगेच काकडीचं बी टोकलं. वेल मस्त आलेत, पण केळीच्या काही पानांवर पिवळे पट्टे पडलेत. असं होतं का?"

सापळ्यात कुणीतरी अडकलं होतं खरं, पण ते त्यांच्याच वर्गातलं होतं.

ते तडक प्रशीलकडे गेले. "तुझं ते एआय काय वाटेल ते सांगतंय पोरांना!"

प्रशीलने फाइल उघडून तो जुना कागद काढला. यादीत पहिलीच नोंद होती: पान ४७, हे वाक्य चुकीचं वाटतं, काकडीमुळे रोग वाढू शकतो, शिक्षकांनी तपासावं. समोर प्रशीलने पेनाने लिहिलं होतं, 'सरांचेच बरोबर.'

"तुम्ही कागद बघितला नाही, सर. मग मीच ठरवलं. तुमच्या हाताखाली शिकलोय मी. यंत्रावर विश्वास ठेवू की तुमच्यावर?" त्याचा चेहरा उतरला. "तुम्हाला न विचारता पुढे जायला नको होतं. चूक माझी आहे, मी प्राचार्यांना लिहून देतो."

खरं सांगायची वेळ हीच होती. पण सर गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याची लाज त्यांना पिंप्राळ्याच्या घरापर्यंत पुरली.

सकाळच्या एसटीने ते सारिकाच्या गावी गेले. तिचे वडील धनसिंग आबा बागेतच होते. केळीच्या दोन ओळींमध्ये काकडीचे वेल पसरले होते, पिवळी फुलं धरलेले. सरांनी केळीची पानं उलटून बघितली. चार झाडं रोगाने गेली होती.

"ही काकडी उपटावी लागेल, आबा. आणि ही चार झाडंही."

आबांनीच सरांना सुटायची वाट करून दिली. "मशीन चुकनं व्हई, सर. तुम्हीन कसं चुकशात?"

"प्रशील सरही काल फोनवर म्हणाले, तुमची काहीच चूक नाही," सारिका म्हणाली. "चूक आपली म्हणून त्यांनी लिहूनही दिलंय."

एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. वही शाबूत राहिली असती, एआयचं बिंग फुटलं असतं, आणि मी आधीच सांगत होतो, असं स्टाफरूममध्ये दोन वर्षं मिरवता आलं असतं. सरांना ते फार हवंहवंसं वाटलं.

"मशीन नाही चुकलं," ते म्हणाले. "प्रशीलही नाही. ते खोटं वाक्य मीच घातलं, मुद्दाम. माझी टिपणं चोरतील असा संशय होता मला. आज प्राचार्यांनाही तेच लिहून देणार आहे."

आबा चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. सर खाली वाकून वेल उपटू लागले, तेव्हा तेही शेजारी वाकले.

मग आबा लेकीला हळूच म्हणाले, "बेटा, सरनी वहीमा बाकीनं जे लिखेल शे, ते बठ्ठं बी कोनले तरी दखाडी ले."

सरांची अख्खी वही कुणाकडून तरी तपासून घ्यायची? सारिकाने चोरून सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली आणि पुढचा वेल मुळासकट उपटला.