चालीखालची घरघर

चैत्र पेटला होता. माणदेशाच्या उघड्याबोडक्या माळावर, धूलिधूसर बाभळींवर, पाण्याचे नावही विसरलेल्या ओढ्यावर ऊन ओतले जात होते. पांढरे ऊन, निर्दय ऊन, सावलीलाही चटका देणारे ऊन. मातीला भेगा पडल्या होत्या, आणि भेगांतून आत डोकावले तर आतही कोरडेच होते.

त्या मातीवर दोन खोल्यांचे पत्र्याचे घर. घरात हणमंत, त्याची रक्तवर्ण इलेक्ट्रिक गिटार आणि त्याची बायको वैजंता. गिटारीतून अँप्लिफायरमध्ये आणि अँप्लिफायरमधून खोलीभर एकच आवाज येत होता. घरघर. मंद्र, अखंड, निर्विकार घरघर.

उद्या सकाळी दहाला हणमंताचा डावा हात कोपराच्या वर कापायचा होता. हाडात कर्करोग होता. डॉक्टरांनी निळ्या शाईने दंडावर रेघ ओढून दाखवली होती. त्या रेघेखालचे सारे, मनगट, तळवा, पाच बोटे, आता फक्त आजच्यापुरते त्याचे होते.

वीस वर्षे त्याने ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांची गाणी वाजवली. स्वतःची म्हणावी अशी एकच चाल, चार मिनिटांची. वैजंता सासरी आली त्या वर्षी सुचलेली. ती कधी रेकॉर्ड केली नव्हती. करू की, करू की, म्हणत दिवस गेले. माणूस किती खुळा! आपले हात तो कायमचे आपले धरून चालतो. आज ती चाल संगणकात उतरवून ठेवायची होती. आजच, आणि सहाला वीज जायच्या आत.

अँप्लिफायरपुढे माइक होता, माइकची केबल संगणकात. आणि चालीच्या प्रत्येक सुराखाली ती घरघर, ओल्या भिंतीतल्या वाळवीसारखी, सूर पोखरत बसलेली.

वैजंता आयटीआय शिकलेली. पंचक्रोशीतल्या पंपांच्या जळक्या मोटारी तीच भरून द्यायची. पदर खोचून ती घरघरीच्या मागे लागली. ट्यूबलाइट विझवली, घरघर. पंखा बंद केला. घामाच्या धारा लागल्या, आणि घरघर. केबल बदलली. हणमंताच्या पायाशी असलेली पेडलं एकेक करून काढली. मोबाइल अंगणात नेऊन ठेवला. हणमंताने तारांवर तळवा टेकला की ती जराशी दबायची, तळवा उचलला की पुन्हा उसळायची.

मग तिच्या ध्यानात आले. अँप्लिफायर एका भिंतीतून वीज घेत होता, संगणक दुसरीतून. जमिनीकडे जायला दोन वाटा, आणि त्या दोन वाटांच्या गोलात वीज घाण्याच्या बैलासारखी फिरत होती. तिने दोन्ही वायरी एकाच बोर्डावर आणल्या. घरघरीत मिसळलेला वरचा तीक्ष्ण चरचराट गळून पडला. खालची घरघर मात्र तशीच राहिली. साडेचार वाजून गेले होते.

"ती अर्थिंगची पिन मोडून टाक," हणमंत म्हणाला. "गप बसतंय मग. ऑर्केस्ट्रात आमी सगळी तेच करायचो."

"आन् हाताला करंट बसला, मंजी?"

"बसू दे की." तो हसला. "उद्या जायाचाच हाय त्यो."

वैजंता हसली नाही. तिला राग आला. महिनाभर गिळलेला, महिनाभर शिजलेला, शुद्ध लखलखीत राग.

"हात जाईल," ती म्हणाली. "तुमी न्हाई जायाचं. परत असलं बोलला तर ही गिटार आडात टाकीन."

आणि ती ताडकन परसात गेली. तिथे घराच्या अर्थिंगचा खड्डा होता. मीठ-कोळसा घालून पुरलेला लोखंडी पाइप. नको ती वीज माती पोटात घेते, पण माती ओली असली तर. ही माती राखेसारखी भुरभुरत होती. वैजंताने ती चिमटीत धरली, आणि तिला सारे कळले.

घरात एक घागर पाणी होते. टँकर परवा यायचा होता. तिने घागर कमरेवर घेतली.

"अगं, पेयाचं हाय ते!"

"तांब्याभर काढून ठिवलंय."

ती ओतत राहिली. तृषार्त माती, भेगाळलेली माती, जन्माची उपाशी माती ते पाणी घटाघटा प्याली. आत घरघर बारीक झाली, आणखी बारीक झाली, विरली. इतकी शांतता त्या घराने कधी ऐकली नव्हती. हणमंताला रडू कोसळले.

"वाजवा आता," ती परसातूनच ओरडली. "मी हितंच थांबते, माती सुकू देत न्हाई."

तो वाजवू लागला. भिंतीपलीकडे ती ओंजळी-ओंजळीने पाणी सोडत होती आणि पत्र्याच्या घरातून चाल बाहेर येत होती. श्यामल, सजल, सुदीर्घ. एकदाच करंगळी मागे राहिली. त्याने थांबून पुन्हा सुरुवात केली नाही. चाल संपली तेव्हा घागरही संपली होती.

वैजंता आत आली, हेडफोन कानाला लावून बसली. घरघरीचा मागमूस नव्हता. सूर धुतल्यासारखे लख्ख होते. आणि त्या लख्ख सुरांच्या मधल्या जागांत तिला ते ऐकू आले. हणमंताचा श्वास. बोटे ताणली की अडकणारा श्वास, आणि दातांखाली दाबलेले एक बारीक कण्हणे. प्रत्येक वळणावर, प्रत्येक चढावर, चारही मिनिटे. दुखतं का, असे ती महिनाभर रोज विचारत आली होती. न्हाई गं, बधिर झालाय, असे तो रोज सांगत आला होता.

"आवाज हाय का गं अजून?" त्याने विचारले.

तिने हेडफोन काढले. "न्हाई," ती म्हणाली. "साफ आलंय."

त्याने गिटार उतरवून ठेवली आणि डावा हात तिच्या मांडीवर टाकला. बोटांच्या टोकांवर तारांचे वळ उमटले होते. ताजे, खोल, लालबुंद. तिने दिवा लावला नाही. पश्चिमेचा उजेड उंबऱ्यावरून मागे सरकत गेला, आणि ती बघत राहिली; एक वळ पुसट झाला, मग दुसरा, मग तिसरा, आणि मग बोटे नुसतीच बोटे उरली.