पाती उतरवलेला पंखा

सू-यिंगला तान्ह्या पोरीसह दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी तिच्या सासूबाईंनी खोलीतल्या छताच्या पंख्याची पाती उतरवून घेतली. उतरवली अर्थात तिच्या नवऱ्यानं, चुंगयीनं. तो स्टुलावर चढून स्क्रू सोडवत होता आणि सासूबाई खाली उभ्या राहून एकेक पातं हातात घेत होत्या. बाळंतिणीला महिनाभर वारा लागू द्यायचा नसतो, हे ताईनान शहरात कुणी कुणाला समजावून सांगत नाही. पण ऐन उन्हाळ्यात, तेही वरच्या मजल्यावरच्या पत्र्याखालच्या खोलीत? सू-यिंगनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं स्क्रू खिशात टाकले आणि जिना उतरून गेला.

खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या होत्या. डोक्याला लोकरीची टोपी, पायांत मोजे. केस धुवायचे नाहीत, गार पाणी प्यायचं नाही. दोन्ही वेळा तिळाच्या तेलात आणि तांदळाच्या दारूत शिजवलेली, आल्याच्या तिखटानं जाळ काढणारी कोंबडी. वाडगा ठेवला की सासूबाई लगेच निघत आणि जाताना दार घट्ट ओढून घेत. खाली त्यांचं माशाच्या पेजेचं दुकान होतं, गिऱ्हाइकांना खोळंबून ठेवून चालत नसे.

सू-यिंग पडल्या पडल्या वर बघत राही. छताला नुसता लोखंडी गोळा लटकत होता. हा पंखा तिनंच हट्टानं बसवून घेतला होता. टेबलावरच्या पंख्याचा झोत एकाच जागी लागतो आणि सकाळी मान आखडते. हा मात्र खोलीभर हवा हलती ठेवायचा. पत्रा कितीही तापला तरी अंगावरचा घाम वाळायचा, मच्छरदाणीच्या आतसुद्धा जीव गुदमरत नसे. आता मच्छरदाणीत शिरलं की उकळत्या भांड्यावर झाकण घातल्यासारखं होई.

तिनं एकदा नवऱ्याला विनवलं. तो म्हणाला, आईशी तूच बोल. सासूबाईंशी बोलली तर त्या म्हणाल्या, महिनाच तर आहे. एका दुपारी न राहवून ती जिन्यापर्यंत गेली. खालून सासूबाईंनी तिला पाहिलं आणि भर दुकानात हाक मारली, "यिंग, वर हो." पेज खाणारी सगळी माणसं वळून बघायला लागली. ती परत खोलीत आली, आणि त्यानंतर दाराकडे बघायचंही तिनं सोडलं.

मग पोरीच्या मानेवर घामोळं आलं. बघता बघता ते पाठभर पसरलं. पोर दूध ओढेना, रडून रडून तिचा आवाज बसला. त्या दिवशी सासूबाई वाडगा घेऊन आल्या तेव्हा सू-यिंगनं पोर त्यांच्या हातात दिली आणि जेवायला बसली.

एरवी सासूबाई या खोलीत क्षणभरही टेकत नसत. आज बसावं लागलं. थोड्याच वेळात त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. त्यांनी गळ्याशी गुंडी सोडली. पोर किरकिरत होती. त्यांनी वाडग्यावरचं झाकण उचललं आणि नकळत तिला वारा घालायला लागल्या. पोर हळूहळू शांत झाली.

"आई," सू-यिंग म्हणाली, "हा वारा नाही का?"

सासूबाईंचा हात थांबला. पोर लगेच पुन्हा रडायला लागली.

त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. मग आपला मोकळा हात सू-यिंगपुढे धरला. बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेले, मूठ पुरती मिटत नव्हती.

"चुंगयी झाला तेव्हा आठवड्याच्या आत मी बर्फातले मासे साफ करत होते," त्या म्हणाल्या. "कोंडून ठेवायला तरी कुणी हवं होतं ना गं मला."

सू-यिंगनं वाडगा खाली ठेवला. इतके दिवस तिनं मनातल्या मनात या बाईला काय काय म्हटलं होतं! तिनं तो हात हातात घेतला. पण माघार घेतली नाही.

"तुम्ही माझं भलंच बघताय, आई. पण तिचा जीव जातोय. पंखा अगदी हळू लावू. पलंग कोपऱ्यात सरकवू."

सासूबाई उठून जिन्यापाशी गेल्या आणि त्यांनी मुलाला हाक मारली. पाती त्यांच्याच पलंगाखाली होती, जुन्या चादरीत नीट गुंडाळून ठेवलेली.

पंखा सर्वांत कमी वेगावर फिरायला लागला. त्या रात्री पोर पोटभर प्यायली आणि झोपली. हळूहळू घामोळंही सुकलं. चिंध्या, मोजे, टोपी हे सगळं मात्र होतं तसंच राहिलं. त्यावर सासूबाई काही ऐकायला तयार नव्हत्या. उलट आता दुपारी दुकान आवरलं की त्या वर येत, चटई पंख्याखाली टाकत आणि आडव्या होत. म्हणजे दुपारचाही एकांत गेला.

एकदा त्या घोरताहेत असं बघून सू-यिंग पावलं न वाजवता दारापाशी गेली आणि कडीला हात लावला.

"कुठे?" डोळे न उघडता सासूबाईंनी विचारलं.

"कुठे नाही," ती म्हणाली, आणि परत येऊन पोरीशेजारी पडली.