तिरक्या बुरुजाखाली

दुबईत जबल अली बंदराच्या एका गोदामात सुपरवायझर असलेल्या सुरेशला सुट्टीत खरं तर पुण्याला जाऊन नुसतं लोळायचं होतं. पण लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि मुलगी ईशानी हट्टाला पेटली. तिने पोलंडमधलं तोरून नावाचं गाव शोधून काढलं, बुकिंग केलं आणि मग आईबापाला सांगितलं.

गाव मात्र बघताक्षणी आवडलं. वीस वर्षांच्या इमारतीला जुनी म्हणणाऱ्या दुबईतून आलेली ही माणसं सातशे वर्षांच्या लाल विटांच्या भिंतींना हात लावून लावून बघत होती. गल्लोगल्ली आलं-दालचिनी घातलेल्या केकांचा घमघमाट. "लवंगपण आहे," सुरेशची बायको अनुराधा वासावरूनच म्हणाली. चिपळूणचं माहेर तिचं, स्वयंपाकात तिचं नाक कधी चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं तिरक्या बुरुजाशी आली. बुरूज खरोखरच रस्त्यावर ओणवा झाला होता. ईशानीने फोनवर त्याची गोष्ट वाचून सांगितली. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला एक योद्धा व्यापाऱ्याच्या मुलीच्या प्रेमात पडला. शिक्षा म्हणून त्याला हा बुरूज बांधावा लागला, आणि तोही त्याच्या वागण्यासारखाच वाकडा. तेव्हापासून लोक या भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून, हात पुढे करून उभे राहतात. ज्याचा तोल जाईल तो पापी.

"बाबा, ट्राय इट," ईशानी म्हणाली.

सुरेश उभा राहिला आणि तिसऱ्या सेकंदाला धडपडत पुढे आला. अनुराधा हसली. "आता सांग, काय पाप केलंस?"

त्याला थट्टेवारी नेता आलं असतं. पण सहा वर्षं एक गोष्ट त्याच्या मनात सलत होती आणि ती अशी मजेत असताना बोलून टाकावीशी वाटली.

"डब्याचं," तो म्हणाला. "तू देतेस तो डबा मी खात नाही. दत्ताराम खातो."

"कोण दत्ताराम?"

"आमचा फोर्कलिफ्टवाला. गुहागरकडचा आहे. एकदा तुझ्या आमटीच्या वासाने तो दारातच थबकला, म्हणून अर्धी दिली. मग रोजच. मी कँटीनमध्ये जेवतो."

अनुराधाचं हसू मावळलं. ती नदीच्या दिशेने चालू लागली. ईशानी शहाणी, ती केकांच्या दुकानात शिरली. सुरेश दहा पावलं मागे राहून बायकोच्या मागोमाग गेला.

नदीकाठच्या कोटाशी अनुराधा थांबली. "सहा वर्षं पहाटे साडेचारला उठतेय मी. आणि रोज संध्याकाळी विचारते, भाजी कशी झाली. तू सांगायचास ते कोण सांगायचं?"

"तोच. मी त्याला विचारून यायचो."

"म्हणजे 'कुळथाचं पिठलं खाऊन गावाला गेल्यासारखं वाटलं' म्हणालास, तेही त्याचंच?" ती जरा थांबली. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुझं गाव सदाशिव पेठ."

सुरेश मान खाली घालून उभा राहिला. "तुझ्या आमटीतलं कोकम मला कधी रुचलंच नाही, अनु. आणि पहिल्या वर्षी बोललो नाही, मग बोलताच येईना."

"घरी काय खातो तो?"

"कामगारांच्या कॅम्पमध्ये राहतो, एका खोलीत आठजण. बायको-मुलं गावाला. जे मिळेल ते खातो."

ती वळून ईशानी होती त्या दुकानाकडे चालू लागली. दुपारी जेवताना म्हणाली, "दुबईला गेलो की रविवारी दत्तारामना घरी बोलाव. मला बघायचंय, माझं कोण जेवतंय ते."

दत्ताराम इस्त्रीचा शर्ट घालून, खजुराचा डबा घेऊन दुबईच्या इन्व्हेस्टमेंट्स पार्क वस्तीतल्या त्यांच्या घरी आला आणि सोफ्याच्या कडेवर टेकला. पानावर मात्र सगळा संकोच गेला. त्याला दुसरा भात वाढताना अनुराधाने विचारलं, "खरं सांगा भाऊ, काय चुकतं माझं?"

सुरेशने डोळ्यांनी खूण केली, पण दत्तारामने बघितली नाही. "वहिनी, गुरुवारची उसळ पातळ असते. आमची नर्मदा खोबरं-कांदा भाजून वाटते, त्यानं दाट होते."

"लावा त्यांना फोन."

फोन लागला. पलीकडून नर्मदा आधी लाजली, मग म्हणाली, "तुमीच का त्या वहिनी? हे फोनवर रोज तुमच्या जेवणाचंच सांगत्यात. मला तर रागच यायचा तुमचा." अनुराधा खळखळून हसली आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली. चांगला अर्धा तास आत आली नाही.

सोमवारपासून घरातून दोन डबे निघाले. सुरेशच्या डब्यात चिंच-गुळाची आमटी होती, त्याच्या आईची असायची तशी गोडसर. दुपारी एक वाजता त्याने गोदामातून स्वतःहून घरी फोन केला.

"आमटी छान झालीय," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतोय."

"मग फोन ठेव आणि जेव आता," ती म्हणाली, आणि तरीही दोघांनी बराच वेळ फोन ठेवला नाही.